नव्याचे नऊ दिवस आणि जुन्याची पंचवीस वर्षे

१९ जानेवारी २०१८ रोजी चेन्नईतील पेरांबूर येथील इंटिग्रल कोच फॅक्टरीतून जुन्या पद्धतीचा, म्हणजे ज्याला आपण सगळे ‘आय.सी.एफ. डबा’ म्हणतो त्याचा, शेवटचा नग बाहेर पडला. १९५५ साली स्वित्झर्लंडमधील श्लिरेन येथील कंपनीच्या आराखड्यावर हा कारखाना सुरू झाला होता. बासष्ट वर्षांत त्या एकाच आराखड्याचे पन्नास हजारांहून अधिक डबे आपल्या बांधवांच्या हातांनी तयार झाले. शेवटच्या डब्याला हिरवा झेंडा दाखविण्याचा मान कारखान्यातीलच एका ज्येष्ठ तंत्रज्ञाला देण्यात आला. हे फार उचित झाले. असे प्रसंग एरवी मंत्र्यांच्या वाट्याला जातात.

त्या दिवशी कारखान्याच्या हिशेबी तो डबा संपला. पण माटुंगा, लोअर परळ, नागपूरचे मोतीबाग, हुबळी, झाशी, लालागुडा अशा ठिकाणी जे पाना हातात घेऊन उभे आहेत त्यांच्या हिशेबी तो संपला नाही. या डब्याचे ठरविलेले आयुष्य पंचवीस वर्षांचे. म्हणजे २०१८ साली बाहेर पडलेला डबा कागदोपत्री २०४३ पर्यंत धावू शकतो. प्रशासनाने तो लवकर बाजूला काढायचे ठरविले, तरी त्यातले कित्येक डबे मोटारगाड्या वाहून नेण्याच्या कामी लावले जातातच, आणि त्यांची चाकेही कोणीतरी तपासावीच लागतात. नव्याचे कौतुक नऊ दिवस चालते आणि जुन्याची सेवा पंचवीस वर्षे करावी लागते. या दोहोंचा मेळ घालण्याचे काम कोणाचे, आणि ते कसे केले जाते, याविषयी या अंकात आम्हांला लिहायचे आहे.

यंत्रे बनविणाऱ्या कोणत्याही कारखान्यात दोन तऱ्हेची कामे एकाच छपराखाली चालतात. एक, बसलेल्या मालाचे काम. त्याचे ड्रॉइंग ठरलेले, जिग तयार, माल पुरविणारे माहीतले, वेल्डर डोळे मिटूनही सांधा लावील इतका हात बसलेला. तिथे प्रश्न असतो तो किती नग, किती दिवसांत आणि किती खर्चात, एवढाच. दुसरे, नव्या मालाचे काम. त्यात ड्रॉइंग महिन्याला बदलते, बाहेरून येणारा भाग बसत नाही, चाचणीत काहीतरी तुटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. तिथे किती नग निघाले हे विचारणे म्हणजे पेरणीच्या दिवशी पोती मोजायला जाणे आहे. पहिल्या वर्षी आपण काय शिकलो, कोणता दोष सापडला आणि तो पुन्हा होऊ नये म्हणून काय केले, हेच तिथले उत्पादन. या दोन कामांना दोन वेगळे माप लागते. आमचा अनुभव असा की, आपल्याकडे दोन्हींना एकच माप लावले जाते आणि त्याचा भुर्दंड शेवटी डेपोतल्या माणसावर बसतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर संघटना म्हणजे प्रगतीच्या आड येणारी अशी आवई उठवायला काही मंडळी टपलेलीच असतात. आम्ही नव्या डब्याच्या विरोधात नाही. जर्मनीच्या लिंके-हॉफमन-बुश कंपनीचा, म्हणजे एल.एच.बी. डबा हा जुन्यापेक्षा निःसंशय सुरक्षित आहे. २० नोव्हेंबर २०१६ च्या पहाटे कानपूरजवळ पुखरायाँ येथे इंदूर–पाटणा एक्सप्रेस घसरली, जुने डबे एकमेकांत घुसले आणि दीडशेच्या आसपास माणसे गेली. ते दृश्य ज्यांनी पाहिले ते जुन्या डब्याचे गोडवे गाणार नाहीत. नव्या डब्यात मधला कपलर असा असतो की अपघातात एक डबा दुसऱ्यावर सहसा चढत नाही. शिवाय जुन्या स्क्रू कपलिंगसाठी आपला माणूस दोन बफरांच्या मध्ये उभा राहत असे. नव्या कपलरचा दांडा बाजूने ओढता येतो. ज्याने जन्मभर शंटिंग केले आहे त्याला याची किंमत सांगावी लागत नाही. तरीही नोव्हेंबर २०२४ मध्ये बरौनी स्थानकावर इंजिन आणि डबा यांच्या मध्ये सापडून आपला एक शंटिंग कर्मचारी गेलाच. म्हणून आम्ही म्हणतो की, नवे यंत्र आले एवढ्याने काम संपत नाही.

नवे आणि जुने एकत्र चालवता येत नाही असे मुळीच नाही. आपल्याच रेल्वेत ते झालेले आहे. पश्चिम बंगालमधील चित्तरंजन कारखान्यातून १ नोव्हेंबर १९५० रोजी ‘देशबंधू’ हे पहिले वाफेचे इंजिन निघाले. अकराच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९६१ रोजी, त्याच कारखान्यातून पहिले विजेचे इंजिन पंडित नेहरूंच्या हस्ते रवाना झाले. त्याचे नाव होते ‘लोकमान्य’. टिळकांच्या नावाचे हे डी.सी. इंजिन मुंबईकडच्या मार्गांसाठीच बनले होते आणि त्या जातीची इंजिने आपल्यापैकी जुन्या लोकांनी घाटात चालवली आहेत. महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. विजेचे इंजिन आले म्हणून वाफेच्या इंजिनाचे काम दुसऱ्या दिवशी बंद झाले नाही. ब्रॉडगेजचे शेवटचे वाफेचे इंजिन ‘अंतिम सितारा’ १९७० साली निघाले आणि मीटरगेजचे काम १९७२ पर्यंत चालले. तोवर वाफेच्या इंजिनांची संख्या २,३५१ झाली होती. म्हणजे दहा-अकरा वर्षे एकाच आवारात बॉयलर आणि ट्रॅक्शन मोटर शेजारी नांदले. एक पिढी निवृत्तीकडे गेली, दुसरी नवे शिकत गेली. त्या काळात सगळेच सुरळीत होते असे आम्ही म्हणत नाही. पण नव्याला शिकायला वेळ मिळाला आणि जुन्याला मरायला वेळ मिळाला, हे खरे.

मग ब्रॉडगेजवर वाफेची शेवटची नियमित गाडी कधी धावली? ६ डिसेंबर १९९५ रोजी. शेवटचे इंजिन बनल्यानंतर पंचवीस वर्षांनी! ती पंचवीस वर्षे इंजिने चालती ठेवली ती लोको शेडमधल्या आणि वर्कशॉपमधल्या फिटर, बॉयलरमेकर, मोल्डर मंडळींनी. कारखान्याने हात झटकलेले, बाहेर बाजारात भाग मिळत नाही, तेव्हा हेच लोक आपल्या भट्टीत भाग ओतत आणि आपल्या लेथवर कातत. या कामाची नोंद कोणत्याही उत्पादन अहवालात सापडायची नाही, कारण त्यात नवा नग निघत नाही.

असे कौशल्य जपले तर काय होते याचेही उदाहरण आहे. निलगिरीच्या दातेरी रुळांवर चालणारी ‘एक्स’ जातीची इंजिने मुळात स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथे बनलेली. ती थकली तेव्हा बाहेर कोणाकडे मागणी नोंदवावी? जगात ती कोणी करीत नव्हते. तेव्हा त्रिचीच्या गोल्डन रॉक वर्कशॉपमधल्या कामगारांनी २०११ पासून तशीच नवी इंजिने स्वतः उभी केली, पहिली तेलावर चालणारी आणि पुढे कोळशावर चालणारीही. शंभर वर्षांपूर्वीचा बसलेला माल आणि अगदी नवा प्रकल्प, दोन्ही एकाच इंजिनात! वर्कशॉप म्हणजे खर्चाचा खड्डा, असे ज्या साहेबलोकांना वाटते त्यांनी एकदा मेट्टुपाळयमला जाऊन ते इंजिन चढ चढताना पाहावे.

आता एल.एच.बी.कडे वळू. १९९५ साली करार झाला, २००० च्या सुमारास जर्मनीहून पहिले डबे आले, आणि नंतर कपूरथळ्याच्या रेल कोच फॅक्टरीत ते बनू लागले. आणि जुना डबा बंद झाला २०१८ मध्ये. पुखरायाँला जे डबे होते ते जुन्या जातीचे होते, हे लक्षात घ्या. चित्तरंजनलाही दहा-अकरा वर्षे लागली होती, मग इथे तक्रार कशाची, असे कोणी विचारील. फरक असा की, या साऱ्या काळात कारखान्यांना विचारला जाणारा प्रश्न एकच होता: यंदा किती डबे? वर्षाचा आकडा गाठायचा तर जुना डबा सोपा, त्याचे जिग उभे आहेत, हात बसलेले आहेत. नव्या डब्याला वेळ लागतो, स्टेनलेस स्टीलचे वेल्डिंग वेगळे, सुरुवातीला वाया जाणारा माल अधिक. आकड्याच्या मापाने मोजले की नवा डबा नेहमीच नापास होतो. ज्या दिवशी सुरक्षिततेच्या मापाने मोजायला सुरुवात झाली त्या दिवशी हा निकाल फिरला. पण त्यासाठी किती अपघात पाहावे लागले!

दुसऱ्या बाजूला, डबा कारखान्यातून निघाला की प्रकल्प पूर्ण झाला असे मानण्याची खोड. डबा चालवायचा कोणी? आमच्या डोळ्यांसमोर घडलेली गोष्ट सांगतो, डेपोचे नाव मुद्दाम देत नाही. काही वर्षांपूर्वी तिथे नव्या डब्यांचा पहिला रेक आला. जुन्या चोवीस डब्यांच्या जागी नवे बावीस, कारण नवा डबा लांबीला मोठा. पिट लाइनवरची जुनी पाणी भरण्याची आणि हवेच्या नळ्यांची तोंडे एकाही डब्याच्या जागेवर येईनात. प्रशिक्षणाला दोन सुपरवायझर जाऊन आले होते, फिटर एकही नाही. माहितीपुस्तक इंग्रजीत आणि तेही साहेबांच्या कपाटात. चाक घसरू नये म्हणून नव्या डब्याला जी यंत्रणा असते तिच्या पडद्यावर एक आकडा लागला आणि तो कशाचा हे कोणालाच कळेना. गाडी सुटायची वेळ झाली. शेवटी आमच्या एका जुन्या फिटरने खाली उतरून चारी धुऱ्यांवरचे सेन्सर हाताने चाचपले, एकाची दातेरी चक्रापासूनची फट जास्त वाटली, ती फीलर गेजने मोजून बसवली. आकडा गेला. दुसऱ्या दिवशी त्या फिटरला शाबासकी मिळाली असेल असे वाटते ना? त्याला ‘अधिकार नसताना हात लावला’ म्हणून खुलासा विचारण्यात आला. तो कागद संघटनेने परत घ्यायला लावला, ही गोष्ट वेगळी.

त्याच डेपोत, त्याच महिन्यात, जुन्या डब्यांसाठी डॅशपॉटची रबरी सील स्टोअरमध्ये नव्हती. कारण विचारले तर उत्तर आले, ‘ते डबे आता जाणारच आहेत, मागणी कशाला नोंदवायची?’ मग सिक लाइनवर उभ्या असलेल्या एका डब्याचे काढून दुसऱ्याला लावायचे. डबा जाणार आहे हे खरे, पण आज रात्री त्यातून बहात्तर माणसे झोपून जाणार आहेत, तेही खरेच ना? नव्या डब्याला माणूस तयार नाही आणि जुन्या डब्याला सामान नाही, अशा दुहेरी कात्रीत आपला सी अँड डब्ल्यूचा कर्मचारी सापडतो, आणि वाटेत काही झाले की चौकशी समितीसमोर उभा राहतो तोच.

एल.एच.बी.च्या कपलरमुळे बसणाऱ्या झटक्यांच्या तक्रारी प्रवाशांनी वर्षानुवर्षे केल्या. पुढे ड्राफ्ट गिअरमध्ये सुधारणा झाली. ही सुधारणा लवकर झाली असती, जर यार्डात रोज गाडी जोडणाऱ्या माणसाला कोणी पहिल्या सहा महिन्यांतच बोलावून विचारले असते. नव्या मालाचा पहिला परीक्षक चाचणी केंद्रातला इंजिनिअर नसतो, यार्डातला पॉइंट्समन असतो.

‘ट्रेन १८’ची, म्हणजे आताच्या वंदे भारतची, कहाणीही या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. पेरांबूरच्याच कामगारांनी आणि इंजिनिअरांनी सुमारे दीड वर्षात ही गाडी उभी केली आणि २०१८ च्या अखेरीस कोटा विभागात ती ताशी १८० किलोमीटरपर्यंत धावली. १५ फेब्रुवारी २०१९ रोजी नवी दिल्लीहून वाराणसीला तिचे उद्घाटन झाले आणि दुसऱ्याच दिवशी परतताना टुंडल्याजवळ ती बंद पडली. वर्तमानपत्रांनी चेष्टा केली. आम्हांला त्यात चेष्टेसारखे काही दिसले नाही. नवे यंत्र पहिल्या महिन्यात बंद पडते, त्यासाठीच तर चाचणीचे दिवस ठेवायचे असतात. ते दिवस उद्घाटनाच्या तारखेने खाल्ले की, जे शेडमध्ये घडायचे ते मार्गावर घडते. पण खरी हानी पुढे झाली. दुसरी गाडी ऑक्टोबर २०१९ मध्ये आली, आणि तिसरी, सुधारित रूपात, गांधीनगर–मुंबई मार्गावर ३० सप्टेंबर २०२२ रोजी. मधली तीन वर्षे? पुढच्या गाड्यांची निविदा २०२० मध्ये रद्द होऊन पुन्हा काढावी लागली, आणि गाडी करणाऱ्यांतल्या काही अधिकाऱ्यांच्या मागे दक्षता चौकशी लागली, जी पुढे बंद झाली. एखादी चूक शोधण्यासाठी चौकशी होऊ नये असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्याने नवे करून दाखवले त्यालाच आधी आरोपी धरायचे, तर पुढच्या वेळी कोण हात पुढे करील? फिटरला खुलासा आणि साहेबाला दक्षता, रोग एकच.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, त्या तिसऱ्या गाडीला सुरू झाल्यावर आठवड्याभरातच अहमदाबादजवळ म्हशींची धडक बसली, नाकाचा भाग तुटला आणि तो एका दिवसात बदलून गाडी पुन्हा मार्गावर गेली. तो भाग तुटेल आणि बदलावा लागेल हे आराखडा करतानाच धरलेले होते, सुटा भागही शेडमध्ये होता. असा विचार प्रत्येक वॉशर आणि सीलविषयी झाला, तर आमची निम्मी तक्रार मिटेल.

आता यापुढचा प्रश्न, आणि तो आपल्या पोटाशी भिडलेला आहे. अलीकडचे करार केवळ माल बनवण्याचे राहिलेले नाहीत. मधेपुऱ्यात फ्रेंच कंपनीच्या भागीदारीत १२,००० अश्वशक्तीची ८०० इंजिने, आणि त्यांच्या देखभालीचे डेपो सहारनपूर व नागपूर येथे. दाहोदला सीमेन्सकडून ९,००० अश्वशक्तीची १,२०० इंजिने, देखभाल पस्तीस वर्षे आणि डेपोंच्या यादीत आपले पुणेही. लातूरचा मराठवाडा कोच कारखाना, जिथे डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला, तो वंदे भारतच्या शयनयान गाड्यांसाठी रशियन कंपनी आणि रेल विकास निगम यांच्या भागीदारीकडे. लातूरच्या मुलांना या कारखान्याने भाकरी द्यावी हीच आमची इच्छा. पण पस्तीस वर्षे देखभाल कंपनीकडे म्हणजे त्या यंत्राची ड्रॉइंग, त्याचे दोष आणि त्यावर बसलेला हात हे सगळे पस्तीस वर्षे कंपनीच्या दाराआड. करार संपेल तेव्हा ते यंत्र जुने झालेले असेल आणि आपल्या हवाली केले जाईल. ‘अंतिम सितारा’ नंतरची पंचवीस वर्षे ज्यांनी निभावली त्यांना ते इंजिन निदान तरुणपणी माहीत होते. आपल्या नातवंडांना ही इंजिने म्हातारपणीच भेटणार.

टपाल खात्यातील बांधवांना हे दूरचे वाटू नये. नव्वदच्या दशकात मुंबई आणि चेन्नईला पत्रे छाननारी मोठी यंत्रे आली, तेव्हा सॉर्टरचे दिवस भरले असे बोलले गेले. ठराविक आकाराचे, छापील पत्त्याचे पाकीट यंत्राने भराभर लावले, पण लग्नपत्रिकेचे जाड पाकीट, मोडी वळणाचा हाताने लिहिलेला पत्ता, अर्धवट पिन कोड, हे सगळे पुन्हा आर.एम.एस.च्या माणसाच्या हातीच आले. यंत्राने सोपे काम नेले, अवघड काम आपल्याकडे ठेवले, आणि माणसे मोजताना मात्र सोप्या कामाच्या हिशेबाने मोजली. २०२५ मध्ये नोंदणी टपाल १९८६ साली सुरू झालेल्या स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले, तेव्हाही काउंटरवरच्या बाबूला आणि पोस्टमनला आधी कोणी विचारले होते काय? खेड्यातली म्हातारी अजून ‘रजिस्टर करा’ म्हणूनच कागद पुढे करते, आणि तिला समजावण्याचे काम काउंटरवर आहे.

आम्ही मागतो ते फार अवघड नाही. नवा डबा, नवे इंजिन वा नवे यंत्र आखताना ते ज्या डेपोत जाणार तिथल्या फिटर, खलाशी, पॉइंट्समन यांच्यापैकी दोन-चार माणसे कारखान्यात बोलवावीत, ड्रॉइंग पक्के होण्याआधी. नंतर बोलावून फोटो काढण्यात अर्थ नाही. पहिला रेक येण्यापूर्वी त्या डेपोच्या प्रत्येक पाळीतील माणसांचे प्रशिक्षण झालेले असावे, आणि पुस्तक त्यांच्या भाषेत असावे. जुन्या मालाचे उत्पादन बंद करण्याचा आदेश निघेल त्याच आदेशात त्याचे सुटे भाग किती वर्षे, कोणत्या वर्कशॉपमध्ये आणि कोणत्या पदांवर बनतील हे लिहिलेले असावे. पदे ‘सरेंडर’ करण्याची घाई मात्र प्रत्येक वेळी वेळेवर होते, ती कशी ते आम्हांला अजून उमगलेले नाही. आणि कंपनीकडे देखभाल द्यायचीच असेल, तर तिच्या प्रत्येक डेपोत पहिल्या दिवसापासून आपली माणसे बरोबरीने कामावर हवीत, पास दाखवून बघायला येणारे पाहुणे म्हणून नकोत.

या मागण्या पी.एन.एम. बैठकीत मांडायच्या तर नुसत्या भाषणाने भागत नाही, पुरावा लागतो. म्हणून सर्व शाखा सचिवांना विनंती आहे की, आपल्या डेपोत, शेडमध्ये वा वर्कशॉपमध्ये जुन्या डब्यांसाठी व इंजिनांसाठी जे भाग सहा महिन्यांहून अधिक काळ मिळत नाहीत त्यांची यादी करावी, नव्या गाड्यांच्या प्रशिक्षणाला कोण गेले आणि कोण राहिले त्यांची संख्या काढावी, आणि हे सर्व झोनच्या कार्यालयाकडे पाठवावे. टपाल शाखांनी बंद पडून असलेली छाननी यंत्रे व काउंटरवरची यंत्रे यांची तशीच यादी द्यावी. कागद साधा चालेल, अक्षर कसेही चालेल, पण भागाचा पी.एल. नंबर आणि मागणी नोंदवल्याची तारीख लिहायला विसरू नये.